तुटलेले डाउनलोड आणि खिशातला प्लेअर

वाचकांचे पत्र (थोडक्यात): माझ्या इंटरनेट जोडणीचा वेग २५६ केबीपीएसच्या आसपास असतो आणि ती कधी अर्ध्या तासाने, तर कधी तीन-चार तासांनी तुटते. रीतसर विकत घेतलेला सत्तर मिनिटांचा एक अल्बम फ्लॅक स्वरूपात, ४२० एमबीच्या एकाच झिप फाइलमधून (सगळी गाणी एकत्र बांधलेल्या गाठोड्यातून) उतरवून घेण्याचा मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ३८० एमबीपर्यंत पोहोचून तो थांबला. तो अर्धवट तुकडा अजून पुसलेला नाही. डाउनलोड मॅनेजर वापरल्याने वेग वाढतो का? शिवाय संध्याकाळी फिरताना ऐकण्यासाठी मला स्वतंत्र प्लेअर घ्यायचा आहे. एक परिचित ‘हाय-रेझ’ प्लेअरच घ्या असे सांगतात, तर भाचा त्याचा जुना आयपॉड द्यायला तयार आहे. मला तासाभराच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे विशेष आवडतात. दृष्टी मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. कपाटात साठेक सीडी आहेत, पण त्या आता वाजवल्या जात नाहीत. सुरुवात कशापासून करावी?

आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात विचारलेल्या प्रश्नांपेक्षा ओघात आलेल्या दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटल्या: एक म्हणजे कपाटातल्या साठ सीडी आणि दुसरी म्हणजे न पुसलेला तो ३८० एमबीचा तुकडा. दोन्हींकडे मी येणारच आहे. त्याआधी क्रमाविषयी सांगते. आपण डाउनलोड आधी सुरू केले आणि प्लेअरचा विचार नंतर करत आहात. वेगवान जोडणीवर हा क्रम चालून जातो, परंतु आपल्या जोडणीवर प्रत्येक एमबीला वेळ मोजावा लागतो. त्यामुळे प्लेअर कोणता घेणार आणि तो कोणत्या स्वरूपातली फाइल वाजवणार, हे आधी ठरवले, तरच किती मोठी फाइल उतरवायची हे ठरते.

फाइलचा आकार आणि लागणारा वेळ यांचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. जोडणीचा वेग किलोबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये; आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून २५६ केबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर ३२ किलोबाइट येतात. संगीताच्या फाइलचा बिटरेटही, म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीला किती बिट लागतात तेही, याच किलोबिटमध्ये सांगितला जात असल्याने एक सोपा ताळा मिळतो: फाइलच्या बिटरेटला जोडणीच्या वेगाने भागले की गाणे वाजायला जितका वेळ लागतो त्याच्या किती पट वेळ ते उतरायला लागेल, हे कळते. आपला अल्बम सत्तर मिनिटांचा आणि ४२० एमबीचा आहे, म्हणजे सरासरी ८०० केबीपीएसचा. तो उतरायला जोडणी अजिबात न तुटता सुमारे तीन तास चाळीस मिनिटे लागतील. तोच अल्बम १९२ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात घेतला असता, तर सुमारे १०० एमबीचा झाला असता आणि बावन्न-त्रेपन्न मिनिटांत, म्हणजे तो ऐकायला लागतो त्याहूनही कमी वेळात, उतरला असता. प्रत्यक्षात थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे.

आता १९२ केबीपीएसमध्ये संगीताचे नुकसान होते का, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल आणि तो यायलाच हवा. सीडीवरचा ध्वनी १,४११ केबीपीएसचा असतो. फ्लॅक हे स्वरूप त्यातले काहीही न गमावता तो साधारण निम्म्या-पाऊण आकारात बसवते. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस आणि ओपस ही स्वरूपे मात्र कानाला जाणवण्याची शक्यता कमी असलेला भाग काढून टाकतात. एमपी३ हे यांतले जुने, नव्वदच्या दशकातले. ओपसचे मानक २०१२ मध्ये आले आणि ते कमी बिटरेटवर एमपी३पेक्षा कितीतरी चांगले ऐकू येते. माझ्या अनुभवात चालता चालता, साध्या इअरफोनवर ऐकताना १९२ केबीपीएसचा एमपी३ आणि मूळ सीडी यांतला फरक ओळखणे फार कठीण असते. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये झांजांसारख्या तीक्ष्ण आवाजांत आणि टाळ्यांच्या गजरात किंचित खरखर जाणवू शकते. ओपसमध्ये तोच बिटरेट बहुतेकांना निर्दोष वाटतो. केवळ भाषण किंवा वाचन ऐकायचे असेल, तर ६४ केबीपीएसचा मोनो (दोन्ही कानांना एकच ध्वनी देणारा) एमपी३ पुरतो. एक चूक मात्र टाळावी: १२८ची फाइल ३२० केबीपीएसमध्ये रूपांतरित केल्याने गेलेला ध्वनी परत येत नाही, फक्त फाइल फुगते आणि दुसऱ्यांदा काटछाट झाल्याने ध्वनी थोडा आणखी बिघडतो.

डाउनलोड मॅनेजरविषयी स्पष्ट सांगायचे, तर आपल्या जोडणीची कमाल मर्यादाच २५६ केबीपीएस असेल तर कोणताही प्रोग्राम ती ओलांडू शकत नाही. एकाच फाइलसाठी चार-सहा जोडण्या उघडून ती तुकड्यातुकड्यांनी आणण्याची युक्ती, समोरचा सर्व्हर (फाइल पाठवणारा संगणक) प्रत्येक जोडणीला वेग वाटून देत असेल तेव्हा किंवा वाटेत माहितीचे तुकडे गळत असतील तेव्हा, उपयोगी पडते. आपली वाहिनीच अरुंद असेल तेव्हा नाही. तरीही आपण डाउनलोड मॅनेजर जरूर वापरा, कारण आपली अडचण वेगापेक्षा तुटण्याची आहे, आणि जिथे थांबले तिथून पुढे सुरू करणे हे त्याचे खरे काम आहे. सर्व्हरने परवानगी दिलेली असेल, तर ‘३८० एमबीच्या पुढचे पाठव’ असे त्याला सांगता येते. बहुतेक मोठे सर्व्हर ही सोय देतात. ब्राउझरही हे करू पाहतो, परंतु रात्रीतून पाच वेळा जोडणी तुटली तर तो पुष्कळदा हात टेकतो आणि सकाळी आपल्याला नुसता ‘अयशस्वी’ असा शेरा दिसतो. फ्री डाउनलोड मॅनेजरसारखा प्रोग्राम किंवा आज्ञा लिहून चालवायचे डब्ल्यूगेट हे साधन मात्र, तशी सेटिंग केली तर, जोडणी परत येईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. विकत घेतलेल्या संगीताच्या लिंकची मुदत काही ठिकाणी थोड्या वेळात संपते, अशी आणखी एक अडचण असते. तशा वेळी संकेतस्थळावर जाऊन नवी लिंक घ्यावी आणि मॅनेजरमध्ये जुन्या डाउनलोडचा पत्ता बदलून ती तिथे टाकावी, म्हणजे आलेला भाग वाया जात नाही.

यापुढे शक्य असेल तिथे पूर्ण अल्बमची झिप न घेता एकेक गाणे स्वतंत्रपणे घ्या. झिपमुळे एमपी३ किंवा फ्लॅक फाइल जवळजवळ मुळीच लहान होत नाही, कारण ती आधीच आवळलेली असते. आणि झिपमधल्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते, त्यामुळे नव्वद टक्के उतरलेली झिप सहसा उघडतही नाही. स्वतंत्र गाणी घेतली आणि आठव्या गाण्याला जोडणी तुटली, तर सात गाणी हातात असतात. ती रांगेत लावून एका वेळी एकच उतरवावी. दहा गाणी एकदम सुरू केली की सगळीच अर्धवट राहतात. बॅंडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घेताना एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस की फ्लॅक हे आपण निवडू शकतो. १९९६ पासून चालणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संग्रहावरही एकाच ध्वनिमुद्रणाची अनेक स्वरूपे बहुधा शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि टॉरंटचा पर्यायही दिलेला असतो. टॉरंट हा शब्द चोरीच्या संदर्भात कानावर पडत असला, तरी पद्धत म्हणून तुटणाऱ्या जोडणीसाठी ती अतिशय योग्य आहे: फाइलचे लहान लहान तुकडे येतात, प्रत्येक तुकड्याची खातरजमा होते आणि बिघडलेला तेवढाच तुकडा पुन्हा मागवला जातो.

खातरजमेवरून एक सावधगिरी. एमपी३ फाइल साधारण २६ मिलिसेकंदांच्या छोट्या चौकटींची बनलेली असते आणि अर्धवट उतरलेली फाइलही जिथपर्यंत आली तिथपर्यंत व्यवस्थित वाजते. त्यामुळे मैफल पूर्ण आली असे वाटते आणि शेवटची दहा मिनिटे गायब असल्याचे कित्येक दिवसांनी, रस्त्यात चालताना कळते. उतरलेल्या फाइलचा आकार मूळ ठिकाणी दिलेल्या आकाराशी ताडून पाहा आणि ती शेवटच्या मिनिटापाशी नेऊन ऐका.

डाउनलोड चालू असताना संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा आणि यंत्रणेचे अद्यतन, क्लाउडवर आपोआप चढणारे फोटो यांना तेवढा वेळ थांबवा. ही पडद्याआडची कामे आपल्या ३२ किलोबाइटांतला मोठा वाटा गुपचूप खाऊन टाकतात. आणखी एक गैरसमज मला अनेक पत्रांत दिसतो: संगीत ऐकवणाऱ्या ॲपमधले ‘डाउनलोड’चे बटण दाबले की गाणे आपले झाले असे वाटते. प्रत्यक्षात ती कुलूपबंद फाइल असते. ती त्याच ॲपमध्ये वाजते, मधूनमधून ॲपला इंटरनेटशी जोडावे लागते आणि ती स्वतंत्र प्लेअरमध्ये नेता येत नाही.

आता आपल्या साठ सीडींकडे वळते. आपण इंटरनेटवरून एकेक अल्बम तासन्‌तास ओढून आणत असताना साठ अल्बम उत्तम गुणवत्तेत घरातच पडून आहेत आणि ते संगणकात घ्यायला जोडणीची जवळपास गरजच नाही. संगणकात सीडी ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्राम सीडीवरचा ध्वनी काळजीपूर्वक, शंका आली तर पुन्हा पुन्हा वाचून उतरवतो आणि गाण्यांची नावे भरण्यासाठी त्याला इंटरनेटवरून अगदी थोडी माहिती लागते. जुन्या सीडीवर ओरखडे असतील, तर मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा; गोल गोल पुसू नका. या सर्व सीडी आधी फ्लॅकमध्ये घ्याव्यात आणि त्यावरून प्लेअरसाठी लहान फाइली तयार कराव्यात, असे मी आग्रहाने सांगते. साठ सीडींचे फ्लॅक साधारण वीस-पंचवीस जीबी होईल, ते संगणकावर आणि दुसऱ्या एखाद्या डिस्कवर जपून ठेवता येईल. उद्या प्लेअर बदलला किंवा अधिक चांगले स्वरूप आले, तरी सीडी पुन्हा काढाव्या लागणार नाहीत. फ्लॅक खरोखर उपयोगाचे आहे ते इथे, जिथे त्याला आपल्या जोडणीतून यावे लागत नाही. रोज दोन सीडी घेतल्या तर महिन्याभरात हे काम होईल, आणि मला खात्री आहे की त्या ओघात आपण विसरलेली एखादी मैफल पुन्हा हाती लागेल.

‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीपेक्षा अधिक तपशिलाच्या फाइली वाजवणाऱ्या, प्लेअरचा सल्ला देणाऱ्या परिचितांचा हेतू चांगलाच आहे, तरीही आपल्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत नाही. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे) घेतलेले असतात आणि त्यात २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचे स्वर सामावतात. तरुण, निकोप कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्‌झ असते आणि वयानुसार ती खाली येते. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झची (सेकंदाला ९६,००० नमुन्यांची) हाय-रेझ फाइल न आवळता ४,६०८ केबीपीएसची होते, म्हणजे आपल्या जोडणीवरून तासाभराच्या मैफलीला अठरा तास लागतील; फ्लॅकमध्ये आवळली तरी हा काळ लांबच राहतो. तेवढा खर्च चांगल्या इअरफोनवर केला, तर फरक पहिल्याच मिनिटाला ऐकू येईल, कारण चालताना ऐकण्याच्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा बहुधा इअरफोनच असतो.

भाच्याच्या आयपॉडचा मोह मी समजू शकते. २००१ मध्ये पाच जीबीच्या डिस्कसह आलेल्या आणि २०२२ मध्ये उत्पादन थांबलेल्या या यंत्राने खिशातल्या संगीताची कल्पनाच बदलली. परंतु त्यात गाणी भरण्यासाठी ॲपलच्या प्रोग्राममधूनच जावे लागते, तो मुळात फ्लॅक किंवा ऑग व्हॉर्बिस वाजवत नाही आणि इतक्या वर्षांनंतर त्याच्या बॅटरीची ताकद उरलेली असेलच असे नाही. भाच्याकडून तो आठवडाभर मागून घ्या, एकदा पूर्ण चार्ज करून किती तास चालतो ते पाहा. सहा-सात तास चालला आणि गाणी भरून द्यायला भाचा जवळ असेल, तर आनंदाने वापरा. तसे नसेल, तर त्याच्यावर विसंबू नका.

आपल्याला मी मध्यम आकाराचा, खऱ्या बटणांचा प्लेअर सुचवेन. स्पर्शपडद्याच्या प्लेअरकडे प्रत्येक गोष्टीसाठी बघावे लागते. चालताना आणि दृष्टी कमी असताना बोटांना चाचपून कळणारी बटणे किती सुखाची असतात, हे वापरल्यावरच कळते. अगदी पडदा नसलेले चिमुकले प्लेअर मात्र टाळा, कारण तासाभराच्या मैफलीत आपण कुठे आहोत हे त्यांत समजत नाही. विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट हटकून तपासा: लांबलचक ध्वनिमुद्रण अर्ध्यावर असताना प्लेअर बंद करा, पुन्हा सुरू करा आणि तो त्याच जागेवरून वाजतो का ते पाहा. ज्याला ही आठवण राहत नाही, तो प्लेअर तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांना चालेल, आपल्याला चालणार नाही. मैफलीची सीडी अनेक भागांत तोडलेली असेल, तर दोन भागांमध्ये क्षणभर शांतता येते का हेही ऐका; एमपी३मध्ये हा खंड पुष्कळदा जाणवतो, फ्लॅक, ऑग व्हॉर्बिस किंवा ओपसमध्ये चांगल्या प्लेअरवर तो पडत नाही. प्लेअर संगणकाला जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखा दिसला पाहिजे, म्हणजे कोणताही खास प्रोग्राम न लावता फाइली ओढून टाकता येतील. नावे देवनागरीत नीट दिसतात का, तेही पाहा; काही प्लेअर नुसते चौकोन दाखवतात, तर काही मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात. साध्या प्लेअरमध्ये गाणी नावाच्या क्रमाने न वाजता ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. म्हणून फाइलींच्या नावापुढे दोन अंकी क्रमांक घालावा आणि त्याच क्रमाने एकेक फोल्डर कॉपी करावे. घरात वापरात नसलेला अँड्रॉइड फोन असेल, तर सिम काढून आणि विमान मोडवर ठेवून तोही उत्तम प्लेअर होतो; ओपसपासून फ्लॅकपर्यंत सगळे वाजवतो आणि देवनागरी सहसा बिनचूक दाखवतो. बटणांची उणीव तेवढी राहते.

साठवणुकीला ३२ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड आपल्याला भरपूर होईल. १९२ केबीपीएसमध्ये त्यात सुमारे ३७० तासांचे संगीत मावते, आणि आपल्या जोडणीवरून ते भरायचे म्हटले तर अहोरात्र साडेअकरा दिवस लागतील. शिवाय ३२ जीबीपर्यंतची कार्डे एफएटी-३२ या पद्धतीने मांडलेली असतात आणि ती जवळपास प्रत्येक प्लेअरला वाचता येतात. त्याहून मोठ्या कार्डांसाठी एक्सफॅट लागते, जे पुष्कळ साध्या प्लेअरना कळत नाही. कार्ड घेतल्याबरोबर, त्यात एकही गाणे भरण्याआधी, एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून तपासा. हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले आहे. मी एकदा घेतलेल्या कार्डावर ६४ जीबी छापलेले होते, संगणकही तेवढेच दाखवत होता, परंतु आत जागा आठच जीबी होती. त्यापुढची प्रत्येक फाइल कॉपी झाल्यासारखी दिसत होती आणि वाजवायला गेले की गप्प राहत होती. तीन महिन्यांचे डाउनलोड मी त्या कार्डाच्या भरवशावर संगणकावरून पुसले होते. ते सगळे पुन्हा मिळाले नाही.

आवाजाविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्याला चाळीस तास ही सुरक्षित मर्यादा मानते, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की हा काळ निम्मा होतो. रहदारीच्या आवाजावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवतो. त्यासाठी कानात नीट बसणारे, बाहेरचा गोंगाट कमी करणारे इअरफोन घ्यावेत आणि रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवावा.

आणि तो ३८० एमबीचा तुकडा. तो जपून ठेवलात हे फार चांगले केलेत. आधी त्याची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ब्राउझरने अर्धवट फाइलच्या नावाला स्वतःचे शेपूट जोडलेले असते. ते काढून नाव मूळ झिपसारखे करा. ज्या ठिकाणाहून अल्बम घेतला तिथून त्याच स्वरूपाची नवी लिंक मिळवा आणि डब्ल्यूगेटला ‘पुढे चालू’ हा पर्याय देऊन त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ती सुरू करा. सर्व्हरने साथ दिली, तर राहिलेले ४० एमबी वीस-बावीस मिनिटांत उतरतील. मग झिप उघडण्याच्या प्रोग्राममधली ‘तपासणी’ची आज्ञा चालवा, ती निर्दोष निघाली, तर अल्बम फ्लॅकमध्येच आपल्या हातात आला आणि सीडींसोबत तो जपता येईल. तपासणीत दोष दाखवला, तर या झिपवर चौथी रात्र घालवू नका. तोच अल्बम १९२ किंवा त्याच्या जवळपासच्या एमपी३मध्ये, एकेक गाणे करून घ्या.